पेनिसिलिनची कात्री

घसा सुजून ताप आला आणि डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या, असा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आला असेल. कळंबच्या औषधाच्या दुकानातही त्या सहज मिळतात. विद्यार्थी मित्रहो, या कॅप्सूलमधला रेणू अर्धा बुरशीने घडवलेला आणि अर्धा माणसाने जोडलेला असतो. मधले कापण्याचे काम मात्र जीवाणूंच्या एका विकराकडून, म्हणजे एन्झाइमकडून, करून घेतात. अशाच एका विकराचे पाते नेमके कुठे असते, याचा शोध आपल्या पुण्यात लागला.

आधी पेनिसिलिनचा रेणू पाहू. त्याला एक गाभा आहे आणि एक शेपटी. गाभ्यात चार अणूंचे चौकोनी कडे आहे. कार्बनच्या बंधांना एकमेकांशी 109 किंवा 120 अंशांचा कोन मानवतो. इथे त्यांना 90 अंशांच्या आसपास वाकावे लागते. वाकवून बांधलेल्या बांबूच्या कामटीत ताण असतो, तसाच ताण या कड्यात असतो. त्या ताणामुळेच पेनिसिलिन जीवाणूची भिंत बांधणाऱ्या विकराला जाऊन चिकटते आणि भिंतीचे काम बंद पडते. पण ताणामुळेच कडे चटकन तुटतेही, आणि ते तुटले की औषध निकामी! काही जीवाणू तर कडे तोडणारे विकर स्वतःच बनवतात. त्यांच्यापुढे जुने पेनिसिलिन हतबल ठरले.

यावर उपाय म्हणजे गाभा तोच ठेवून शेपटी बदलणे. नुसता गाभा वेगळा केल्याचे ब्रिटिश संशोधकांनी 1959 साली जाहीर केले. त्याला नवनव्या शेपट्या जोडून पुढे अँपिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन तयार झाले.

ऐकायला सोपे वाटते, पण अडचण इथेच आहे. शेपटी ज्या बंधाने जोडलेली असते, त्याच जातीचा बंध कड्यातही असतो. साध्या आम्लाने किंवा अल्कलीने कापायला जावे, तर ताणलेले कडेच आधी तुटते! आपल्या जिल्ह्यात जिनिंग पाहिलेल्यांना हे लगेच कळेल : रुई निघाली पाहिजे, पण सरकी फुटता कामा नये. रसायनशास्त्रज्ञांनी उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपास, फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखी दाहक द्रव्ये वापरून हे साधले. जीवाणूंचे 'पेनिसिलिन असायलेज' हे विकर तेच काम कोमट पाण्यात करते आणि कड्याला धक्काही लावत नाही.

हे त्याला कसे जमते? त्यासाठी विकराचे अणू पाहावे लागतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 4000 ते 7000 अँगस्ट्रॉम, आणि अणूंमधले अंतर एक-दोन अँगस्ट्रॉम. सूक्ष्मदर्शक इथे थिटा पडतो. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र याच मापाची असते. रात्री उघडलेल्या छत्रीच्या ताणलेल्या कापडातून दूरचा रस्त्यावरचा दिवा पाहा. एका दिव्याच्या जागी ठिपक्यांची फुली दिसेल. वीण जितकी बारीक, तितके ठिपके दूर दूर. म्हणजे ठिपके मोजून न पाहिलेल्या विणीचे माप काढता येते! स्फटिकातून क्ष-किरण गेले की असेच ठिपके उमटतात, आणि त्यांवरून अणूंची मांडणी गणिताने काढतात. (छत्रीचा प्रयोग जरूर करा, माझ्या मते विवर्तन शिकण्याची याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.)

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, एच. शिवरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील यॉर्कच्या संशोधकांबरोबर 'बॅसिलस स्फेरिकस' या जीवाणूच्या पेनिसिलिन व्ही असायलेजची रचना उलगडली. ती 1999 साली प्रसिद्ध झाली. यॉर्कच्या गाय डॉडसन यांनी पूर्वी डोरोथी हॉजकिन यांच्याबरोबर काम केले होते, आणि पेनिसिलिनच्या रेणूची रचना क्ष-किरणांनी 1945 साली उलगडली ती हॉजकिनबाईंनीच!

या विकरात चार सारख्या साखळ्या असून प्रत्येकीत तीनशेहून अधिक अमिनो आम्ले आहेत. त्यांतले कापणारे पाते म्हणजे साखळीच्या अगदी टोकाचे पहिले अमिनो आम्ल, सिस्टीन. त्यातला गंधकाचा अणू शेपटीच्या बंधावर हल्ला करतो. टोकाला असल्यामुळे याच सिस्टीनचा अमिनो गट मोकळा राहतो आणि गंधकाला मदत करतो. गाभा सुटून जातो, शेपटी क्षणभर गंधकाला चिकटून राहते, मग पाण्याचा रेणू तिलाही सोडवतो. कात्री पुन्हा तयार.

पण प्रथिनाची बांधणी तर मेथिओनिनपासून सुरू होते. मग सिस्टीन पहिले कसे? आधीची तीन अमिनो आम्ले गळून पडतात तेव्हा. तोवर पाते म्यानातच असते.

ई. कोलाय जीवाणूच्या पेनिसिलिन जी असायलेजची रचना यापूर्वी, 1995 साली, कळली होती. त्यात टोकाला सिस्टीनऐवजी सेरीन आहे, पण साखळीची घडी त्याच धाटणीची. आपल्या आतड्यातले काही जीवाणू पित्तातील क्षार तोडतात, त्यांचे विकरही याच कुळातले. आणि खुद्द पेनिसिलिन बनवणारी बुरशी? तिच्या कारखान्यातले शेवटचे विकर गाभ्याची जुनी शेपटी काढून नवी जोडते. त्याची रचना 2010 साली प्रसिद्ध झाली. तेही आधी स्वतःची साखळी कापते, आणि त्या कापलेल्या टोकाला उघडे पडते ते सिस्टीनच.