ढगातली फाइल आणि गटाचा हिशोब

हल्ली बऱ्याच गटांचा हिशोब वहीबरोबर कॉम्प्युटरवरही असतो. कुणाच्या तरी घरचा कॉम्प्युटर, त्यात एक्सेलची फाइल, आणि ती गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये ठेवलेली. ‘वर क्लाउडमध्ये आहे, आता काळजी नको,’ असं आपण म्हणतो. आम्हाला आज त्या ‘काळजी नको’बद्दलच बोलायचं आहे.

क्लाउड म्हणजे ढग. पण हा ढग म्हणजे कंपनीचे दूरवरचे मोठे कॉम्प्युटर. घरचं फोल्डर आणि तिथलं फोल्डर सतत एकसारखं ठेवायचं, याला सिंक म्हणतात. घरी आकडा बदलला की तिथे बदलतो, हे सोयीचं. पण घरी नातवाने खेळता खेळता फाइल पुसली, तर तीही तिथून पुसली जाते! पुसलेली फाइल गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते, मग कायमची जाते. आपली बैठक महिन्याला एकदा. फाइल फक्त बैठकीलाच उघडली, तर ती गेल्याचं कळेपर्यंत मुदत संपलेली असू शकते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी उघडून पाहा.

दुसरी अडचण जागेची. गूगलच्या खात्यात फुकट मिळते १५ जीबी, आणि त्यातच ईमेल, फोटो, फाइली सगळं येतं. वनड्राइव्हला ५ जीबी. घरातल्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ चढले की जागा भरते आणि हिशोब वर जाणं थांबतं. सचिवताई इकडे कर्जफेड लिहीत असतात, अध्यक्षाताईंना मोबाइलवर जुनेच आकडे दिसतात, आणि बैठकीत उगाच शंकेला जागा होते. वनड्राइव्ह असेल तर कॉम्प्युटरच्या घड्याळाजवळ छोटा ढग दिसतो. त्यावर लाल खूण असेल तर त्यावर क्लिक करून काय लिहिलंय ते वाचा.

नेट नसताना दोघींनी एकच फाइल दोन ठिकाणी बदलली, तर नंतर दोन प्रती तयार होऊ शकतात. त्यातली एक घाईने पुसू नका. दोन्ही वहीशी ताडून बघा. वही म्हणूनच चालू ठेवायची, सह्यांसकट.

वनड्राइव्हमध्ये फाइलीशेजारी नुसता ढग दिसला, तर ती घरच्या कॉम्प्युटरवर नसते, नेट गेलं की उघडत नाही. बँकेत जायच्या आदल्या दिवशी उजवं क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा.

आणि खातं कुणाचं आहे? मुलीच्या नावाचं असेल आणि ती सासरी गेली, तर पासवर्डही तिच्याबरोबर जातो. गटासाठी वेगळं खातं काढा, पासवर्ड दोघींकडे ठेवा. बैठक झाली की फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, नावात महिना घाला, आणि पेनड्राइव्ह काढून गटाच्या पेटीत ठेवा. तो कॉम्प्युटरला लावूनच ठेवू नका.