घरातील फुलावर सकाळचे ऊन

निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद पुष्कळदा येथेच होते. अशा थंडीत दिवस कासराभर वर आला, म्हणजे अंगणातील गुलाबावर किंवा शेवंतीवर पडलेले ऊन पाहतच राहावेसे वाटते. पण तेच फूल तोडून घरात आणा, दिवा लावा आणि मोबाईलवर त्याचे छायाचित्र घ्या. फूल एक तर फिकट, निळसर दिसते, नाही तर हळदीत बुडवल्यासारखे! आपण कॅमेऱ्याला दोष देऊन मोकळे होतो. वास्तविक मुख्य फरक असतो तो प्रकाशात, आणि तो समजून घेतला तर सकाळचे ऊन घरातही आणता येते.

उन्हाला हा रंग येतो कोठून ते आधी पाहू. सूर्य डोक्यावर असताना किरण हवेच्या थरातून सरळ खाली उतरतात. तो क्षितिजाला टेकलेला असताना मात्र त्यांना सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. या वाटेवर निळा प्रकाश चोहीकडे विखुरला जातो आणि तांबडा-पिवळा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. आकाशाचा निळेपणाही या विखुरण्यातूनच येतो, आणि आकाशाचा हा निळा उजेड सावलीत उतरतो. म्हणून सकाळी फुलाची उन्हाकडची बाजू सोनेरी, तर सावलीकडची किंचित निळसर असते. ही जोडी ध्यानात ठेवा. नुसत्या पिवळेपणाने ऊब येत नाही. शेजारी थोडा थंड रंग असला, तरच ती जाणवते.

प्रकाशाचा रंग मोजण्याचे माप केल्विन हे आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लालबुंद होते, अधिक तापले की पिवळे, आणि त्याहून तापले की पांढरे दिसू लागते. त्याच हिशेबाने आकडा जितका लहान तितका प्रकाश तांबूस, आणि जितका मोठा तितका निळसर. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १९०० केल्विन, तारेच्या जुन्या बल्बचा २७००, दुपारच्या उन्हाचा ५५००च्या आसपास, आणि मोकळ्या सावलीतला ७००० वा त्याहून अधिक. एलईडी दिव्याच्या खोक्यावर हा आकडा बहुधा छापलेला असतो. 'कूल डेलाइट' म्हणून मिळतो तो ६५००चा, आणि 'वॉर्म व्हाइट' म्हणतात तो २७०० किंवा ३०००चा. आपल्याला दुसरा हवा.

आता मांडणी करू. उत्तरेच्या खिडकीजवळ टेबल ठेवा. त्या खिडकीतून बहुतेक वेळा थेट ऊन न येता आकाशाचा थंड उजेड येतो. ती आपली सावलीकडची बाजू. तिच्यासमोर, फुलाच्या दुसऱ्या अंगाला, वॉर्म व्हाइट दिवा ठेवा. तो वरून टांगू नका. फुलाच्या उंचीपेक्षा थोडासाच वर, आणि किंचित मागच्या बाजूला असावा. कासराभर वर आलेला सूर्यही असाच आडवा पडतो ना! पाकळीतून प्रकाश आरपार आला की ती आतून उजळल्यासारखी दिसते. खोलीतील ट्यूबलाइट मात्र बंद करा, नाही तर तिसराच रंग मध्ये घुसतो.

उघड्या दिव्याने सावल्या काटेरी पडतात. म्हणून दिव्यापुढे वीतभर अंतरावर जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा पांढरा तुकडा ताणून धरा. दिवा तापणारा असेल तर कापड आणखी दूर ठेवा. फुलाच्या मानाने उजळलेले कापड जितके मोठे, तितकी सावली मऊ. प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी दिवा हलवा. लहान उघडा दिवा दुप्पट दूर नेला, की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. कापडामागे हा हिशेब इतका काटेकोर बसत नाही, पण कल तोच. खिडकीचा उजेड जास्त वाटला तर पडदा अर्धा ओढा. दिव्याची बाजू वरचढ राहिली पाहिजे.

एवढे करूनही चित्र फिकट आले, तर तो कॅमेऱ्याचा शहाणपणा समजा. पिवळा प्रकाश दिसला की तो पुसून पांढरा करण्याची सोय त्यात केलेली असते. तिला 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात. ती 'ऑटो'वर न ठेवता ४५०० केल्विनच्या आसपास पक्की करा. दिव्याची बाजू उबदार आणि खिडकीची बाजू थंड, अशी दोन्ही टिकून राहतील. लाल गुलाब किंवा झेंडू असेल तर उजळपणा थोडा उतरवा. एरवी लाल रंगाचा नुसता गोळा होतो आणि पाकळ्यांच्या घड्या दिसेनाशा होतात.

झाड घरात ठेवून चित्रे टिपण्याचा उद्योग आपल्या जिल्ह्याला नवा नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपली आणि तिचा छोटा चित्रपट केला. तो पाहून भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. फाळक्यांची फिल्म कृष्णधवल होती. त्यांना प्रकाशाच्या रंगाचा मेळ राखावा लागला नाही. आपल्याला तो राखावा लागतो.

आणि येथेच एक सावधगिरी सांगितली पाहिजे. गुलाबाची किंवा द्राक्षाची पाने पिवळी पडत आहेत म्हणून सल्ल्यासाठी चित्र पाठवायचे असेल, तर हा सोनेरी प्रकाश मुळीच वापरू नका. निरोगी पानही त्यात पिवळट दिसते, आणि नसलेल्या कमतरतेवर खत किंवा औषध पडायचे. खर्च गेला तो गेलाच, शिवाय पीक बिघडायची भीती. अशा वेळी पान बाहेर मोकळ्या सावलीत न्यावे, शेजारी पांढरा कागद ठेवावा आणि मग चित्र घ्यावे. पाहणाऱ्याला कागदावरून रंगाचा अंदाज घेता येतो.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. पांढरी शेवंती घ्यावी. पांढऱ्यावर प्रकाशाचा रंग लगेच उमटतो. खिडकीचा उजेड, ट्यूबलाइट, आणि वर सांगितलेली मांडणी, अशी तीन चित्रे एकाच ४५००च्या मापावर काढून मुलांपुढे ठेवावीत आणि फूल एकच असता रंग तीन का, एवढेच विचारावे. उत्तरे मुलेच शोधतील.