जिन्यावर मोजायचं वजन

लंडनच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने ३१ मार्च २०२५ पासून आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये ई-सायकल नेण्यावर बंदी घातली. महिनाभर आधी रेनर्स लेन स्थानकाच्या फलाटावर एका ई-सायकलीने पेट घेतला होता. या बंदीतून एकच प्रकार वगळला गेला, तो घडीच्या ई-सायकलीचा. ती बहुधा कारखान्यातून जशी येते तशीच राहते, इकडून तिकडून भाग आणून जुळवलेली नसते, असा त्यामागचा विचार. त्याच्या तीन वर्षं आधी, २०२२ मध्ये, बंगळुरूच्या मेट्रोने घडीच्या सायकलींना आत घेतलं तेव्हा अट घातली होती: घडी ६० × ४५ × २५ सेंटिमीटरच्या आत, वजन १५ किलोंच्या आत, आणि बॅगांसारखीच सायकलही तपासणीच्या यंत्रातून जाईल. स्थानकाच्या दाराशी आली की या वाहनाचं सामान होतं, हे दोन्ही नियम गृहीत धरतात. विकत घेणारा मात्र दुकानात तिच्याकडे वाहन म्हणूनच पाहतो. एका चार्जमध्ये किती किलोमीटर, मोटर केवढी, वेग किती, एवढंच विचारतो. माझं म्हणणं उलट आहे. शहरात रोज कामावर जाण्यासाठी घडीची ई-सायकल घ्यायची असेल, तर ती आधी सामान म्हणून निवडावी. तिच्या माहितीपत्रकातला पहिला वाचायचा आकडा वजनाचा आहे; बॅटरी, चाक, किंमत आणि पुढची सगळी देखभाल त्या आकड्याच्या मागून येते.

हिशेब साधा आहे. चालवणाऱ्याचं वजन ७५ किलो, पाठीवरची बॅग पाच किलो आणि सायकल १५ किलो धरली, तर मोटर ९५ किलो ओढते. सायकल २० किलोंची झाली तर १०० किलो. रस्त्यावर हा फरक पाच टक्क्यांचा. सपाटीवर तो पायांना कळतही नाही आणि चढावर मोटर तो गिळून टाकते. तीच सायकल हातात घेऊन जिना चढताना मात्र १५ चे २० होणं म्हणजे ओझं एक तृतीयांशाने वाढणं. रेल्वेचे पादचारी पूल विजेच्या तारांवरून जातात, म्हणजे सहा-सात मीटर उंची, चाळीसेक पायऱ्या, त्याही एका हाताने आणि मागून लोंढा येत असताना. सरकते जिने आणि लिफ्ट वाढल्या आहेत हे खरं, पण रोजचा प्रवास लिफ्ट चालू असण्याच्या भरवशावर आखता येत नाही. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला तर स्टेशनापर्यंतही जावं लागत नाही, त्याची परीक्षा घरच्या जिन्यातच होते. दुकानात चाचणी घ्यायची ती म्हणूनच दोन प्रकारे: एकदा चालवून, आणि एकदा घडी घालून, बॅटरीसकट उचलून, दोन मजले चढून. विक्रेता विचित्र नजरेने पाहील. पाहू द्यावं.

यावर पहिला आक्षेप बॅटरीचा येतो. हलकी सायकल म्हणजे लहान बॅटरी, आणि लहान बॅटरी वाटेत संपली तर? इथेही आकडे मांडून पाहू. ३६ व्होल्ट आणि सात अँपिअर-तास म्हणजे सुमारे २५० वॉट-तास, आपल्या वीजबिलाच्या भाषेत पाव युनिट. मोटरची बरीच मदत घेतली तरी घडीची सायकल किलोमीटरला साधारण आठ ते दहा वॉट-तास खाते. घरापासून मेट्रोपर्यंत पाच किलोमीटर आणि तिथून कचेरीपर्यंत तीन, असा जाऊन-येऊन १६ किलोमीटरचा दिवस धरला तर १६० वॉट-तास पुरतात. दहा मीटर उंचीचा उड्डाणपूल चढायला जेमतेम तीन-चार वॉट-तास जास्त लागतात. चारपाचशे वेळा पूर्ण चार्ज केल्यावर अशा बॅटरीची क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते असं धरलं, तरी २०० वॉट-तास उरतात आणि दिवस निभावतो. साठ किलोमीटरची बॅटरी रोज वाहून नेणारा माणूस न केलेल्या प्रवासाचं ओझं उचलत असतो. आणि बॅटरी संपलीच, तर १४ किलोंची सायकल पायाने घरी येते. २५ किलोंची मात्र ढकलावी लागते.

तरी वजनाचं सगळं पाप बॅटरीच्या माथी मारणं बरोबर नाही. अशा बॅटरीत बोटाएवढे २० सेल असतात, प्रत्येकी ५० ग्रॅमच्या आत. बॅटरी दुप्पट केली तर वजन एखाद-दीड किलोने वाढतं. खरं वजन येतं ते पुढच्या-मागच्या शॉकॉब्जमधून, चार इंच रुंद टायरमधून, कॅरिअर, स्टँड आणि जाडजूड चौकटीतून. बाजारात घडीच्या नावाखाली मिळणाऱ्या कित्येक ई-सायकली यामुळे २० किलोंच्या पुढे जातात. त्या घडी होतात हे खरं, पण ती घडी गाडीच्या डिकीसाठी आहे, माणसाच्या हातासाठी नाही. दुसऱ्या टोकाला ब्रॉम्प्टन आहे. अँड्र्यू रिची या इंग्रज अभियंत्याने १९७५ च्या सुमारास लंडनमधल्या आपल्या घरात तिचा पहिला नमुना बनवला. तिची विजेवरची आवृत्ती बॅटरीसकट सुमारे १७ किलोंची आहे, पण सुमारे तीन किलोंची बॅटरी पुढच्या पिशवीत बसते आणि पिशवी काढून खांद्याला अडकवता येते. हातात उरतात १४ किलो. एकच ओझं दोन हातांत वाटण्याची ही युक्ती मला नुसत्या हलकेपणाइतकीच मोलाची वाटते. बॅटरी सहज निघणारी असावी, हा आग्रह त्यासाठी. चार्ज करायला सायकल वर न्यावी लागत नाही, हा वरचा लाभ. गंमत म्हणजे, घडीसाठी जगभर नावाजलेल्या या ब्रॉम्प्टनची घडी साधारण ६४ × ५९ × २७ सेंटिमीटर भरते. बंगळुरूचा नियम पट्टी लावून पाळला तर तीही बाहेरच राहील!

हलकेपणाला पैसे पडतात, हा आक्षेप खरा आहे. कार्बन तंतूंच्या चौकटीची, दहा किलोंच्या किंचित वर भरणारी हमिंगबर्ड ब्रिटनमध्ये चार हजार पौंडांच्या वर विकली गेली. एवढा खर्च मुंबई-पुण्याच्या नोकरदाराला कोणी सुचवू नये. पण ज्याला सायकल उचलायचीच नाही, तळमजल्यावर ठेवून थेट कचेरीत जायचं आहे, त्याने घडीच्या वाटेलाच जाऊ नये. त्याच पैशात त्याला मोठ्या चाकाची, बिनसांध्याची, अधिक टिकाऊ ई-सायकल मिळेल. घडीसाठी पैसे मोजायचे आणि वजनामुळे घडी कधी घालायचीच नाही, हा सर्वांत महाग सौदा आहे.

याहून अवघड प्रश्न हलकेपणा आणि मजबुती यांच्या नात्याचा आहे. २०२२ मध्ये फीडो या चिनी कंपनीला आपलं 'एक्स' हे घडीचं मॉडेल परत मागवावं लागलं, कारण घडीच्या सांध्यापाशी चौकट मोडल्याचं समोर आलं. साध्या सायकलीत जिथे सलग नळी असते, नेमक्या तिथे घडीच्या सायकलीत बिजागरी असते, आणि हँडलचा उंच दांडा प्रत्येक ब्रेकला खालच्या सांध्यावर तरफेसारखा जोर देतो. त्यामुळे वजन कुठून कमी केलं आहे हे पाहावं लागतं. शॉकॉब्ज, रुंद टायर, मोठी बॅटरी गाळून आलेला हलकेपणा चांगला. सांध्याचा धातू बारीक करून आलेला नको. युरोपचं ईएन १५१९४ हे प्रमाणपत्र आहे का, हे विचारावं. घरी आणल्यावरही बिजागरीकडे लक्ष हवं, आणि ते फुकटात होतं. खटका लावताना शेवटी हाताला जोर लागला पाहिजे. अलगद लागू लागला की आतला नट पाव फेरा आवळायचा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली की सांध्यात खुळखुळ आहे की नाही ते बोटाला कळतं. सांध्याजवळच्या रंगात केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची आहे की धातूची, हे ठरेपर्यंत सायकल चालवायची नाही. बिजागरीत चिखल-माती राहिली तर खटका पूर्ण बसत नाही, म्हणून ती कोरड्या फडक्याने पुसायची आणि ग्रीस नखाएवढंच लावायचं. थापलेल्या ग्रीसमध्ये धूळ बसून त्याचा पॉलिश पेपर होतो.

एवढा वजनाचा काच आहे तर मोटर हवीच कशाला, असंही कोणी म्हणेल. बिनमोटरची घडीची सायकल ११-१२ किलोंत मिळते. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे: दोन किलोमीटर सपाट रस्ता असेल तर तीच घ्यावी. पण एप्रिल-मेमध्ये नागपुरात किंवा दमट हवेच्या मुंबईत पाच किलोमीटर पेडल मारून कचेरीत पोचणाऱ्याला आधी आंघोळ लागेल, आणि आंघोळीची सोय किती कचेऱ्यांत आहे? मोटर इथे वेगासाठी नाही, घाम वाचवण्यासाठी आहे, आणि त्याला लहानशी मोटर पुरते. कायद्याची चौकटही तिला अनुकूल आहे. मोटरची शक्ती २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती मोटार वाहन ठरत नाही. परवाना नको, नोंदणी नको. 'लॉक काढून देतो, चाळीसने पळेल' असं सांगणारा दुकानदार ही सवलतच काढून घेत असतो, आणि बिजागरीवरचा ताणही वाढवत असतो.

चाकाच्या बाबतीत मी वजनाशी थोडी तडजोड सुचवेन. १६ इंची चाकाची घडी छान होते, पण ब्रॉम्प्टनच्या ३४९ मिलिमीटर मापाचा टायर आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळणार नाही. लहान मुलांच्या २० इंची सायकलींचं ४०६ मिलिमीटरचं माप मात्र तालुक्याच्या गावीही मिळतं. खड्ड्यांसाठी शॉकॉब्जपेक्षा पावणेदोन ते दोन इंच रुंदीचा टायर आणि त्यात योग्य हवा हाच हलका उपाय आहे. लहान ट्यूबमध्ये हवा मुळातच थोडी, त्यामुळे ती थोडी जरी उतरली तरी दाब लवकर पडतो आणि खड्ड्यात ट्यूब रिमला चेंगरून पंक्चर होते. आठवड्याला हवा पाहणं भाग आहे. शिवाय २० इंची चाक एका किलोमीटरमध्ये साडेसहाशेच्या आसपास फेरे घेतं, मोठं २८ इंची साडेचारशे ते पाचशे. बेअरिंग आणि स्पोक त्या प्रमाणात लवकर थकतात. मोटरच्या चाकाचे स्पोक आखूड आणि ताणलेले असतात, ते पहिल्या एक-दोन महिन्यांत सैल पडतात. तेव्हाच चाकाचा आउट काढून घेतला तर पुढे स्पोक तुटत नाहीत. मोटरच्या चाकाचं पंक्चर काढायला वायरचा जोड सोडावा लागतो. तो जोड हाताने सुटतो की कापावा लागतो, हे खरेदीच्या दिवशीच पाहून ठेवावं.

गर्दीचं काय? सकाळी साडेआठच्या चर्चगेट लोकलमध्ये दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात, तिथे घडी कितीही लहान असली तरी ती कोणाच्या तरी नडगीला लागणारच. अशा डब्यात ती नेऊ नये, हे सरळ मान्य करायला हवं. पण शहरातला सगळा प्रवास त्या डब्यात होत नाही. गर्दीच्या उलट दिशेने जाणारे, पाळीत काम करणारे, पुणे आणि नागपूरच्या मेट्रोने जाणारे, आणि ज्यांना गाडीत चढायचंच नाही पण रस्त्यावर सायकल ठेवली तर चोरीला जाईल म्हणून ती टेबलाखाली न्यायची आहे असे पुष्कळ आहेत. हे साधन त्यांचं आहे.

राहता राहिली आग. न्यूयॉर्कमध्ये २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसं गेली. त्याच वर्षी तिथे प्रमाणित नसलेल्या ई-सायकली आणि बॅटऱ्या विकायला बंदी झाली. या भीतीला आधार आहे, पण तिचं मूळ बहुतेक वेळा ओळखता येतं: जुने सेल घालून पुन्हा बांधलेली बॅटरी, मार लागलेली बॅटरी आणि भलताच चार्जर. ३६ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्ट देतो, ४८ व्होल्टच्या बॅटरीचा ५४.६, दोघांची पिन अनेकदा एकसारखीच असते. घरात दोन ई-सायकली असतील तर चार्जरवर ठळक खूण हवी. चार्जिंग जागेपणी करावं, बाहेर पडायच्या दाराच्या वाटेत करू नये. दोन अँपिअरच्या चार्जरने पाव युनिटची बॅटरी साडेतीन-चार तासांत भरते, तेव्हा ती रात्रभर लावून ठेवण्याचं कारणच उरत नाही. उन्हातून आलेली बॅटरी आधी तासभर सावलीत ठेवावी. रोज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर थांबलं तर आयुष्य वाढतं, आणि सुट्टीवर जाताना ती अर्धी भरून ठेवावी, शंभर टक्के भरून कधीच नाही. विमानात मात्र ती नेता येत नाही. १६० वॉट-तासांच्या वरच्या बॅटरीला प्रवाशाच्या सामानात जागा नाही.

पावसाळ्यात लहान चाक आणखी एका प्रकारे आडवं येतं. २० इंची चाकाचा आस जमिनीपासून जेमतेम २५ सेंटिमीटरवर असतो, मोटर त्याच्याभोवती, आणि वायर आसातूनच आत शिरते. तुंबलेलं पाणी घोट्याच्या वर आलं की मोटरच्या खालच्या कडेला लागतं, म्हणून तिथे उतरून सायकल उचलायची. हलकी असेल तर ते जमतं. मोटरची वायर आसापाशी थोडी खाली झोळ देऊन मग वर नेलेली असावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी मोटरमध्ये न जाता खाली टपकतं. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत बॅटरीच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, त्या महिन्याकाठी पुसाव्यात. खरेदीआधी विचारायचा शेवटचा प्रश्न नव्या बॅटरीच्या किमतीचा: पाच वर्षांनी ती मिळेल का आणि केवढ्याला? उत्तर लेखी मिळालं नाही तर दुसरं दुकान पाहावं. जुनी बॅटरी भंगारवाल्याला द्यायची नसते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.