एका जागेला एक उंची

एखादा टेरेन एडिटर किती पाण्यात आहे हे बघायचं असेल, तर त्याला ग्वाल्हेरचा किल्ला करायला लावावा. शहराचा लष्कर हा भाग आणि त्यातलं जयेंद्रगंज ज्या सपाटीवर वसलं आहे, तिच्या उत्तरेला वालुकाश्माची ही टेकडी एकदम शंभरेक मीटर वर येते. उत्तर-दक्षिण लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास, माथा बराचसा सपाट, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत कित्येक ठिकाणी उतार असा नाहीच, सरळ कडा. पश्चिमेकडून उरवाई घाटी टेकडीत आत शिरते. तिच्या भिंतींत पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत; सर्वांत उंच मूर्ती सुमारे १७ मीटरची. सपाटी, कडा आणि खडकात खोदलेली पोकळी, तिन्ही गोष्टी एवढ्याशा जागेत.

गेममध्ये आपण ज्या जमिनीवर चालतो, ती घडवायचं साधन म्हणजे टेरेन एडिटर. माऊस दाबून धरला की ब्रशखालची जमीन वर येते. दुसऱ्या ब्रशने ती खचते, तिसऱ्याने सारखी होते, चौथ्याने तिच्यावर गवत, मुरूम, खडक रंगवता येतो. मोठ्या कंपन्यांकडे या कामासाठी स्वतःची साधनं असतात आणि दिवसभर त्यांवर बसणारी माणसं असतात. नोकरी-कॉलेज सांभाळून रात्री गेम करणाऱ्या हौशी मुलांकडे असतो एक साधा लॅपटॉप. त्यांच्या हाती आज जी साधनं आहेत, त्यांतलं टेरेन-थ्री-डी हे मला सर्वांत विचारपूर्वक बांधलेलं वाटतं.

त्याची मुळं गोडो या मुक्त गेम इंजिनात आहेत. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर यांनी ते बांधलं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला केला. गोडोमध्ये जमीन घडवायचं साधन मुळात नाही. ती उणीव आधी झायलान या नावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरच्या एच-टेरेन या प्लगइनने भरून काढली. पुढे टोकिसान गेम्स या छोट्या स्टुडिओला आपल्या ‘आउट ऑफ द ॲशेस’ या गेमसाठी मोठी जमीन हवी होती. त्या गरजेतून कोरी पेटकोव्सेक आणि रूपे पाल्मरूस यांनी २०२३ मध्ये टेरेन-थ्री-डी पुढे आणलं, तेही एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, उघडून बघावं, बदलावं. स्वतःच्या गेमसाठी केलेलं साधन स्वतःपुरतं न ठेवण्याचा हा निर्णय मला त्यातल्या गणिताइतकाच मोलाचा वाटतो.

आता गणिताकडे. अशा बहुतेक साधनांच्या मुळाशी एकच करार असतो: एका जागेला एक उंची. जमिनीवर सारख्या अंतराने ठिपक्यांची जाळी मांडायची आणि प्रत्येक ठिपक्यापाशी एक आकडा लिहायचा. आकड्यांच्या या तक्त्याला हाइटमॅप म्हणतात. १९९२ साली नोव्हालॉजिकच्या ‘कोमांची’ या हेलिकॉप्टरच्या गेमने घरगुती कॉम्प्युटरवर डोंगरदऱ्या उभ्या करून दाखवल्या, त्या याच कराराच्या जोरावर.

आकडा किती बारकाईने लिहायचा, हा पहिला प्रश्न, आणि नवशिके इथेच अडतात. साध्या राखाडी चित्रात एका ठिपक्याला आठ बिट मिळतात, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. किल्ल्याची शंभर मीटर उंची त्यात बसवली, तर एकेक पायरी ३९ सेंटिमीटरची होते. जो उतार मऊ हवा, त्यावर शेताच्या बांधासारख्या रेघा उठतात. सोळा बिट घेतले की पायऱ्या ६५,५३६ होतात आणि एक पायरी दीड मिलिमीटरची. टेरेन-थ्री-डी त्याहून पुढे जाऊन प्रत्येक उंचीसाठी ३२ बिटांचा दशांश आकडा ठेवतं.

या उंचीच्या तक्त्याबरोबर आणखी दोन तक्ते असतात: एक रंगाचा, एक नियंत्रणाचा. नियंत्रणाच्या तक्त्यात एका ठिपक्याला ३२ बिट, आणि त्यांची मुख्य वाटणी बघण्यासारखी आहे. खालचं टेक्स्चर, म्हणजे जमिनीवर रंगवायचं गवत-खडकाचं चित्र, कुठलं यासाठी पाच, वरचं कुठलं यासाठी पाच, दोन्ही किती मिसळायची यासाठी आठ, ती किती फिरवायची यासाठी चार, लहान-मोठी किती करायची यासाठी तीन. इथे भोक आहे का, याला एकच. पाच बिटांत ३२ आकडे मावतात, म्हणून या साधनात टेक्स्चर जास्तीत जास्त ३२. तिन्ही तक्ते मिळून एका ठिपक्याचे १२ बाइट. ठिपक्यांमध्ये एक मीटर अंतर ठेवलं, तर चौरस किलोमीटरभर जमीन साधारण १२ एमबीत मावते. साध्या लॅपटॉपवर किल्ला, लष्कर आणि शहराचाच मुरार हा भाग एकत्र मांडायची हिंमत होते, ती या काटकसरीमुळे.

ब्रश दाबल्यावर काय होतं, हेही जवळून पाहू. माऊसच्या टोकापासून एक काल्पनिक रेषा जमिनीला जिथे टेकते, ती ब्रशची जागा. ब्रशचा जोर मध्यभागी पुरा आणि कडेला कमी होत जाणारा. त्या वर्तुळातल्या प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यात जोराच्या हिशेबाने भर पडते, तक्त्याचा तो भाग ग्राफिक्स कार्डाकडे जातो आणि जमीन वर आलेली दिसते. खरं तर पडद्यावरचा जाळीचा सांगाडा सपाटच असतो. प्रत्येक फ्रेमला ग्राफिक्स कार्ड तक्ता वाचून त्या सांगाड्याचे कोपरे उचलतं. सांगाडा पुन्हा बांधायचा नसल्यामुळे हात थांबत नाही, आणि हात थांबला नाही तरच माणूस करून पाहत राहतो.

दूरच्या जमिनीचं काय, याचं उत्तर २००४ साली फ्रँक लोसासो आणि ह्यूग हॉप यांनी मांडलेल्या ‘जिऑमेट्री क्लिपमॅप’मध्ये आहे. पुढच्याच वर्षी अरुल असिरवाथम आणि हॉप यांनी ते काम ग्राफिक्स कार्डावर सोपवून दाखवलं. कॅमेऱ्याभोवती एकात एक चौकोनी कडी मांडायची. आतलं कडं बारीक जाळीचं, बाहेरचं प्रत्येक दुप्पट विरळ. कॅमेरा चालला की कडी त्याच्याबरोबर सरकतात. टेरेन-थ्री-डी याच रीतीने पासष्ट किलोमीटर लांब आणि तेवढीच रुंद जमीन पेलू शकतं.

एवढ्या तयारीनंतर किल्ल्याकडे येऊ. खरी उंची फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाने ११ दिवसांच्या मोहिमेत, ६० मीटर लांब दांडीच्या दोन टोकांना रडार लावून, पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची मोजली. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या जोडचित्रांवरून केलेला ‘कार्टोडेम’ हा उंचीचा तक्ताही ‘भुवन’ या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. दोन्हींत ठिपक्यांमधलं अंतर तीसेक मीटर.

हे आकडे जसेच्या तसे एडिटरमध्ये ओतले, तर किल्ला ओळखू येतो, पण जाडा दिसतो. कारण रडारच्या तक्त्यात ठिपके अंशांच्या हिशेबाने मांडलेले असतात. ग्वाल्हेर २६ अंश अक्षांशावर. तिथे एक विकला (आर्क-सेकंद) उत्तर-दक्षिण सुमारे ३०.८ मीटर भरते, पण पूर्व-पश्चिम फक्त २७.७ मीटर. दोन्ही अंतरं सारखी धरली की टेकडी रुंदीत दहा टक्क्यांहून थोडी जास्त फुगते. हे आधी दुरुस्त करून घ्यावं लागतं. जयेंद्रगंजसारख्या दाट बाजारात तर रडारला रस्ता वेगळा दिसतच नाही. गच्च्या आणि गल्ल्या मिळून एकच उंची नोंदली जाते. तिथली जमीन हातानेच सारखी करायची.

खरी गाठ पडते कड्यापाशी. किल्ल्याच्या अख्ख्या लांबीवर तक्त्यातले आकडे जेमतेम ऐंशी. तीस मीटर उंचीचा ताठ कडा तीस मीटर अंतरावरच्या दोन ठिपक्यांमध्ये सापडला, की तो ४५ अंशांचा उतार होऊन बसतो. ज्या कड्याने शतकानुशतकं सैन्यं अडवली, तो गेममधला कुठलाही शिपाई चालत चढून जातो. मग ब्रश घेऊन कडा पुन्हा तासावा लागतो. एक मीटरच्या जाळीत तो ८८ अंशांपर्यंत उभा करता येतो. मात्र आता दोन ठिपक्यांमधला त्रिकोण तीस मीटर लांब ओढला जातो आणि वरून पसरलेलं खडकाचं टेक्स्चर त्यावर लांबच लांब ओघळांसारखं ताणलं जातं. त्यावर टेक्स्चर बाजूने लावायची सोय हा उपाय आहे, आणि तो चांगला चालतो.

उरवाईच्या मूर्तींवर मात्र ब्रशचा उपाय नाही. खडकात खोदलेल्या कोनाड्याला एकाच जागी दोन उंच्या लागतात, तळाची आणि छताची. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचंही तेच. त्याची वाटी आत वळलेली आहे. दिवाळीत मातीचा किल्ला करणारं पोर मनगटापर्यंत हात घालून भुयार पाडतं; हाइटमॅपला ते जमत नाही. म्हणून नियंत्रणाच्या तक्त्यातलं ते एक बिट: तिथे भोक पाडायचं आणि कोनाडा, मूर्ती, पुढे आलेला खडक वेगळे घडवून बसवायचे.

दुसरा मार्ग व्होक्सेलचा. सारी जागाच घनांत वाटायची आणि प्रत्येक घनात खडक की हवा हे लिहायचं. झायलाननेच गोडोसाठी असंही साधन केलं आहे. त्यात गुहा होते, भुयार होतं, कोकणकडाही होतो. किंमत मोठी आहे. १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांचा हाइटमॅप सुमारे साडेदहा लाख आकड्यांत संपतो. त्यावर १२८ मीटर उंचीपर्यंत मीटर-मीटरचे घन रचले, तर ते तेरा कोटींच्या वर जातात. ते आटोपशीर साठवायच्या युक्त्या आहेत, पण त्या सांभाळायलाच मोठा अनुभव लागतो. एका हौशी माणसाच्या गेममध्ये शंभरात नव्वद जागी जमीन साधी असते. तिथे जुना करार पाळावा आणि जिथे तो तुटतो तिथे उघडपणे भोक ठेवावं, हा टेरेन-थ्री-डीचा निवाडा मला योग्य वाटतो.

हौशी लोकांना साधन मिळालं की काय होतं, हे आधी दिसलेलं आहे. १९९३ च्या अखेरीस ‘डूम’ हा गेम आला आणि १९९४ मध्ये चाहत्यांनीच त्याचा नकाशा-संपादक लिहिला. २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट-३’बरोबर एडिटर दिला गेला, आणि त्यातून खेळाडूंनी ‘डोटा’ घडवला. त्यातून गेमचा एक नवा प्रकारच जन्मला. साधन मालकीचं असलं तर धोका काय, हेही दिसलं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या गेम इंजिनाच्या कंपनीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायची घोषणा केली; वर्षभराने ती मागे घेतली, पण तोवर कित्येकांनी गोडोची वाट धरली होती. ज्याच्या गेमला अजून एक रुपया मिळालेला नाही, त्याने आपली दोन-तीन वर्षांची मेहनत अशा ठिकाणी ठेवावी, जिथून कुणी त्याला उठवू शकणार नाही.

खुल्या कोडचा आणखी एक अर्थ आपल्यासाठी आहे. डोंगर खरे दिसावेत म्हणून १९८९ मध्ये मसग्रेव्ह, कोल्ब आणि मेस यांनी झिजेचं गणित मांडलं. ऊन-पावसाने खडक सुटतो, घसरतो आणि ठरावीक कोनाच्या उतारावर थांबतो. वर्ल्ड मशीनसारख्या साधनांत झीज एका बटणावर मिळते. हे बटण ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर दाबलं, तर कडा ढासळून मातीचा ढीग होतो. सह्याद्रीवर दाबलं, तर लाव्हाच्या आडव्या थरांनी घडलेली कडा-पठार-कडा ही रचनाच पुसली जाते. गणित चुकलेलं नाही. ते सुट्या, घसरणाऱ्या जमिनीसाठी लिहिलेलं आहे, आणि आपली जमीन थरांची आहे.

थरांचा ब्रश लिहायला फार मोठं गणित लागत नाही. उंची ठरावीक टप्प्यांशी जुळवायची, टप्प्याची कडा तीक्ष्ण ठेवायची, वरच्या पठाराला किंचित उतार द्यायचा आणि प्रत्येक थराची जाडी थोडी वेगळी धरायची. कठीण आहे ते थर ओळखणं, आणि ती नजर किल्ल्यांवर उन्हातान्हात हिंडलेल्या मराठी मुलांकडे आहे, मग ती नाशिकची असोत की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली. कोड उघडा आहे आणि तो बदलायचा हक्क परवान्यातच दिलेला आहे. राजगड आणि ग्वाल्हेर गेममध्ये आल्प्ससारखे दिसू नयेत असं वाटत असेल, तर हा ब्रश आपणच लिहिला पाहिजे. आणि तो लिहून झाला की जसा मिळाला तसाच, फुकट, पुढच्याच्या हाती दिला पाहिजे.