उलांडीचे दूरचे नातेवाईक

उलांडी हा शब्द आपल्या घरातल्या किती मुलांना माहीत आहे, एकदा विचारून पाहा. अरुंद होडी लाटेवर कलंडू नये म्हणून तिच्या एका अंगाला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकांशी हलक्या लाकडाचा ओंडका बांधतात, ती उलांडी. रत्नागिरीपासून खाली मालवण, गोवा, कारवारपर्यंत अशा होड्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. आमच्या नववीच्या वर्गात आम्ही हा शब्द विचारला, तेव्हा चार हात वर झाले. चारही मुले राजिवडा-मिरकरवाड्याची, मच्छीमारांच्या घरची. एरवी ही मुले मागच्या बाकावर बसतात आणि प्रश्न विचारला की खाली पाहतात.

निमित्त होते एका नकाशाचे. पश्चिमेला आफ्रिकेजवळचे मादागास्कर, मध्ये मलेशिया, इंडोनेशिया, फिलीपाईन्स, आणि पूर्वेला पार हवाई व न्यूझीलंड. एवढ्या अफाट समुद्रात विखुरलेल्या लोकांच्या भाषा एकाच कुळातल्या आहेत. त्या कुळाला ऑस्ट्रोनेशियन म्हणतात आणि त्यात हजाराच्या वर भाषा येतात. नाव अवघड आहे, पण वर्गात सांगणे सोपे गेले. पाच या आकड्याला मलय आणि फिलिपिनो माणूस ‘लिमा’ म्हणतो, न्यूझीलंडचा माओरी ‘रिमा’ आणि मादागास्करचा माणूस ‘दिमी’. हे लोक काही हजार वर्षांपूर्वी तैवानच्या बाजूने निघाले आणि होड्यांतून बेटामागून बेट गाठत गेले. ज्या होड्यांतून गेले, त्यांचे चित्र आम्ही फळ्यावर काढले. मागच्या बाकावरून आवाज आला, “ही तर आमच्या नानांची होडी!”

नानांची होडी ऑस्ट्रोनेशियन लोकांनी आणून दिली, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण हा प्रश्न अभ्यासकांनी फार पूर्वीपासून हाताळला आहे. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली हिंदुस्थानातल्या होड्यांवर मोठा निबंध लिहिला आणि आपल्या किनाऱ्यावरच्या उलांडीचा संबंध पूर्वेकडच्या बेटांशी जोडला. नारळाची गोष्टही अशीच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात नारळाची दोन मूळ घराणी आढळली, एक हिंदी महासागराचे आणि एक प्रशांत महासागराचे. मादागास्करच्या बाजूला दोहोंची सरमिसळ दिसते, कारण ऑस्ट्रोनेशियन दर्यावर्दींनी आपले नारळ सोबत नेले होते. आमच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून ‘प्रताप’ ही जात बाहेर पडली, ती बाणवलीतून निवडलेली. पण कोकणातल्या बागांसाठी जी नावे सांगितली जातात, त्यांत ‘फिलीपाईन्स ऑर्डिनरी’ही असते. ती झाडे पाहिलेल्या मुलांना फिलीपाईन्स नकाशावर शोधायला वेळ लागला नाही.

आता शब्दांकडे या. आपल्याकडे नाखवा, मूळ फारसीत नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. मलय भाषेत जहाजाच्या कप्तानाला ‘नाखोदा’ म्हणतात आणि आपल्या खलाशाला ‘केलासी’. इंडोनेशियातला मुसलमान रमजानच्या रोज्याला ‘पुआसा’ म्हणतो, तो शब्द संस्कृत ‘उपवासा’वरून आलेला, आणि शिक्षकाला चक्क ‘गुरू’ म्हणतो. कोकणी मुसलमान शाफई, तेही शाफई. इब्न बतूताने चौदाव्या शतकात होनावरचे मुसलमान शाफई असल्याचे लिहिले आणि पुढे सुमात्रा बेटावरच्या सुलतानाबद्दलही तेच लिहिले. आपण कुठून आलो असे कुणी विचारले, की आपण लगेच अरबस्तानाकडे बोट दाखवतो. समुद्राला एकच किनारा असल्यासारखे हे बोलणे आम्हाला नेहमी खटकते.

पण आम्हाला खरे सांगायचे आहे ते हवाईबद्दल. ज्यांच्या पूर्वजांनी जगातला सर्वांत मोठा महासागर पालथा घातला, त्या हवाईच्या लोकांत विसाव्या शतकात होकायंत्राशिवाय दूरवर होडी नेणारा एकही माणूस उरला नव्हता. १९७३ साली तिथे एक संस्था निघाली आणि जुन्या धर्तीची जोडहोडी बांधली गेली. तिचे नाव होकुलेआ. वाट दाखवायला माणूस शोधावा लागला तो मायक्रोनेशियातल्या सातावाल या इवल्याशा बेटावर. माऊ पियाइलुग हे त्यांचे नाव. त्यांनी १९७६ साली तारे, लाटा आणि पक्षी पाहत होकुलेआ हवाईहून ताहितीला नेली. अंतर चार हजार किलोमीटरच्या वर. पुढे त्यांनी आपली विद्या हवाईच्या तरुणांना शिकवली, आणि १९८० साली नाइनोआ थॉम्पसन या हवाईच्या तरुणाने तीच वाट स्वतः काढली. २०१४ ते २०१७ या काळात होकुलेआने जगाची सफर केली, तेव्हा शाळांतली मुलेही त्या कामात सामील झाली. एका समाजाची विद्या दुसऱ्या बेटावरच्या एका माणसापाशी शिल्लक होती, म्हणून ती परत आली.

मग आमच्या मुलांनी ठरवले की आपले माऊ शोधायचे. प्रकल्प म्हटला की दुकानातून आणलेला तक्ता आणि मोबाईलवरून उतरवलेला मजकूर, हीच आमच्याकडची रीत आहे. या वेळी तसे झाले नाही. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि जाळी विणत बसलेल्या माणसांना बोलायला सवड असते. मुले चार-चारच्या गटाने राजिवड्यात गेली. ते चौघे आता चार गटांचे म्होरके झाले होते. कुणाच्या घरी केव्हा जायचे, कोणत्या चाचांना ऐकू कमी येते, कोण चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही, हे सारे त्यांनाच माहीत.

नाळ, परबाण, सुकाणू, शीड असे शब्द वहीत जमू लागले. भूगोलाच्या पुस्तकात मतलई वारे आणि भांगाची भरती मुलांनी पाठ केलेली होती. हे शब्द रोज तोंडात असलेली माणसे त्यांना पहिल्यांदा भेटली. एका चाचांनी भरतीचा हिशेब सांगितला. चांदाची तारीख घ्या, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पुरी. आठ तारीख असेल तर सहा वाजता. पंधरवडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. मुलांनी आठवडाभर छापील तक्त्याशी ताडून पाहिले. थोडाफार फरक पडतो, पण चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, हे एरवी डोक्यात न शिरणारे गणित त्या आठवड्यात सगळ्यांना समजले.

एक अट आम्ही आधीच घातली होती. वही पुरी झाली की ती ज्यांच्याकडून लिहून घेतली त्यांना वाचून दाखवायची, आणि ते सांगतील तसे दुरुस्त करायचे. काहींनी नाव घालू नका म्हणून सांगितले, तिथे नाव घातले नाही. ऑगस्टच्या एका शुक्रवारी जुम्म्यानंतर जमातखान्यात वाचन झाले. लिहिले होते उर्दूत आणि मराठीत, वाचताना मुले आपसूक घरच्या बोलीवर आली. एका वृद्ध नाखव्यांनी तीन शब्द बदलायला लावले. फायबरच्या होडीवर काम करणाऱ्या त्यांच्या मुलाला त्यांतला एकही शब्द ठाऊक नव्हता, आणि तो शेवटपर्यंत उभा राहून ऐकत होता. मुलींनी तिथेच विचारले की काथ्या वळणाऱ्या, मासळी सुकवणाऱ्या दादी-नानींकडे कुणीच कसे गेले नाही? पुढची बंदी आता त्यांच्याकडे दिली आहे.

उलांडी डाव्या अंगालाच का बांधतात, यावर मात्र त्या दिवशी एकमत झाले नाही. जाळे उजवीकडून ओढायचे असते म्हणून, असे एक चाचा म्हणाले. दुसऱ्यांचे म्हणणे, बांधणाऱ्याच्या हाताला सोयीचे पडते म्हणून. दोघेही हटेनात. मुलांनी दोन्ही उत्तरे लिहून घेतली आहेत आणि भाट्याच्या किनाऱ्यावर अजून उलांडीच्या किती होड्या उरल्या आहेत, त्या पाहायला ती येत्या रविवारी निघणार आहेत.