‘तृतीय रत्न’ वर्गात शिकवताना

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं ते नाकारलं. छापून यायला १९७९ साल उजाडलं. एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो, घरचे कर्ज काढून विधी करतात आणि शेवटी नवराबायको फुल्यांच्या रात्रशाळेकडे वळतात. सातवी-आठवीच्या मुलांसाठी मला हे नाटक फार मोलाचं वाटतं.

आपण पहिल्याच दिवशी संहिता, म्हणजे नाटकाचा लिखित मजकूर, हाती देऊ नये. तेव्हाची लांब वाक्यं पाहून निम्मा वर्ग मिटून जातो. जोशी दाराशी येतो तेवढाच प्रसंग गोष्टीसारखा सांगावा आणि मुलांना तो आपल्या वऱ्हाडीत बोलू द्यावा. “पण महाराज, काहून?”, म्हणजे “का?”, असं एखादी मुलगी विचारते तिथं नाटक सुरू झालं.

मग भूमिका वाटाव्यात. आपला वर्ग मिश्र क्षमतेचा असतो: एक जण घडाघडा वाचतो, शेजारचा जोडाक्षराशी अडतो. नेहमीची चूक अशी की वाचणाऱ्याला मोठी भूमिका आणि अडणाऱ्याला पडदा ओढायचं काम मिळतं. या नाटकात विदूषक आहे. तो घडणाऱ्या गोष्टीवर बोलत असतो. पाठांतर न जमणाऱ्या पण हजरजबाबी मुलाला ती जागा द्यावी. ऐकून ऐकून तो मूळ वाक्यंही उचलतो.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर त्या विधीच्या खर्चाचा हिशेब मांडावा. तूप, शिधा, दक्षिणा, सगळं आजच्या आठवडी बाजाराच्या भावानं. समजा पाच हजार रुपये महिना शेकडा तीन व्याजानं काढले. वर्षाला अठराशे व्याज, फेड सहा हजार आठशे. बापासोबत बाजारात बसणारा मुलगा इथं सगळ्यांच्या पुढे असतो. त्याला फळ्याशी उभं करावं.

सर्वांत नाजूक टप्पा चर्चेचा. “जोशी वाईट” म्हणून मुलं मोकळी होतात, कधी गाडी जातीवर घसरते आणि वर्गातलं एखादं पोर मान खाली घालतं. तिथं लगेच थांबावं. प्रश्न बदलावा: हे कोण, कधी थांबवू शकलं असतं? मग नवरा, शेजारी, कर्ज देणारा एकेक पुढे येतात. जबाबदारी हा शब्द न उच्चारताही मुलं तिच्याबद्दल बोलू लागतात.

पीकपाण्याचं भाकीत सांगणाऱ्या भेंडवळच्या घटमांडणीचा विषय कोणीतरी काढेलच. थट्टा करू नये, झटकूनही टाकू नये. अक्षय्य तृतीयेनंतर जाहीर झालेलं भाकीत वहीत उतरवून घ्यावं आणि हंगाम संपल्यावर मुलांनीच ताडून पाहावं.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची गोष्ट मुलींना जरूर सांगावी. १८८२ साली त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं, टीका झाली तेव्हा फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. मग प्रत्येकीनं त्या कुणबी बाईच्या तोंडी एक नवं वाक्य घालावं.

शेवटी प्रयोग अंगणात, पालकांसमोर. त्यानंतर दोघादोघांच्या जोड्या करून एकेका आजीआजोबांकडे पाठवावं, बँकेचं पत्र किंवा सातबारा वाचून दाखवायला. एक वाचेल, दुसरा, जो अजून अडखळतो, तो आजीच्या शेजारी बसून न कळलेल्या शब्दाशी “काहून?” विचारेल.