जुनी फरशी, नवी जमीन आणि दारातला अर्धा इंच

कुंडल, किर्लोस्करवाडी, पलूस या पट्ट्यातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी भरपूर. घर वाढतं, मागच्या बाजूला नवी खोली निघते आणि तिच्यात व्हिट्रिफाइड टाइल येते, आता हौसेनं लाकडी जमीनही येऊ लागली आहे. दोन्ही जमिनी दारात भेटतात आणि तिथं अर्ध्या इंचाचा फरक राहतो. उंच पायरी निदान दिसते, अर्धा इंच दिसत नाही. पाय घासत चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तोच पाडतो. हा फरक कोबा ओतण्याआधीच मिटवावा लागतो, नंतर तो फक्त झाकता येतो.

शून्य कुठं धरायचं

जुन्या फरशीचा दारातला वरचा पृष्ठभाग म्हणजे शून्य. तिथून लेव्हल पाईपनं पाणी धरून नव्या खोलीच्या चारही भिंतींवर या शून्यापासून तीन फूट उंचीवर रेघ मारून घ्यावी. पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी रेघ चुकते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं येतं का ते बघावं. लेझर असेल तर काम लवकर होतं.

शहाबादी हा थरांनी सुटणारा चुनखडीचा दगड. एकाच लादीची जाडी इकडे एक तिकडे एक असते, शिवाय जुन्या घरात मोरीकडे किंवा अंगणाकडे ढाळ दिलेला असतो. म्हणून दारात एकाच जागी माप घेऊ नये. दोन्ही टोकांना आणि मध्ये घ्यावं. दोन-तीन सुतांचा फरक निघाला, तर टाइलच्या खोलीत तो दारापासून तीन-चार फुटांत हळूहळू विरवता येतो. लाकडाच्या खोलीत ते जमत नाही.

हिशेब वरून खाली

तयार जमीन शून्याला हवी, म्हणजे कोबा तिच्याखाली किती ठेवायचा एवढाच प्रश्न. टाइल ९ ते १० मिमी आणि खाली सिमेंट-वाळूचा माल २५ ते ३० मिमी धरला, तर कोबा साधारण ३५ ते ४० मिमी खाली. तीच टाइल ॲडहेसिव्हनं चिकटवणार असाल तर १३ ते १५ मिमी पुरतात. थरांची इंजिनिअर्ड लाकडी पट्टी १४-१५ मिमीची, खाली फोम २-३ मिमी, म्हणजे १७ मिमीच्या आसपास. ८ मिमी लॅमिनेटला १० मिमी. अस्सल लाकडाची १८-२० मिमी पट्टी प्लायवर ठोकायची असेल तर प्लायची जाडीही मिळवा. दुकानदारानं सांगितलेल्या जाडीवर विसंबू नका, नमुन्याचा तुकडा आणून स्वतः मोजा. टाइलचा निर्णय बदलून ऐन वेळी लाकूड घ्यायचं ठरलं की हा सगळा हिशेब मोडतो.

काळी जमीन

कृष्णा-येरळेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुनं जोतं कैक वर्षांत बसलेलं असतं, नवं बसायचं असतं. आज लेव्हल अचूक जुळवली तरी भराव कच्चा असेल तर एका पावसाळ्यात नवी बाजू खचते. त्यामुळे काळी माती काढून मुरूम भरावा, सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुम्मस करून. एकदम दोन फूट मुरूम ओतून वरून पाणी सोडणं हे काम नव्हे. जुन्या-नव्या जोत्याच्या सांध्यावर एकच लादी आडवी टाकू नये, ती तडकणारच. सांधा उंबऱ्याखालीच ठेवावा.

फरशीवर फरशी

जुनी फरशी न उखडता वरून टाइल चिकटवायची पद्धत स्वस्त आणि झटपट, म्हणून पसरली आहे. पण दीड सेंटिमीटर जमीन उचलली जाते, दारं खालून रंधावी लागतात, उंबरा बुडतो आणि पडवीतलं पावसाचं पाणी आत यायला वाट मिळते. एकाच खोलीत असं केलं तर शेजारच्या खोलीशी फरक कायमचा. माझं मत स्पष्ट आहे: पोकळ वाजणारी फरशी उखडूनच काढावी.

लाकूड असेल तर

लाकडी पट्टीला कोबा सपाट हवा: दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. ओल त्याहून मोठा शत्रू. कोब्यावर दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून एक दिवस ठेवा, खाली पाण्याचे थेंब दिसले तर थांबा. ऐन पावसाळ्यात लाकूड बसवू नये, आणि पट्ट्या आधी दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात. भिंतीकडेला आणि जुन्या फरशीकडेला सुमारे १० मिमी फट सोडायची. फट बुजवली की लाकूड फुगून मधोमध उचलतं.

दारातली पट्टी

जुन्या फरशीकडेच्या त्या फटीवर ॲल्युमिनियमची किंवा सागवानी पट्टी येते. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या मानकांत पाव इंचापर्यंतचा खडा फरक चालतो, पाव ते अर्ध्या इंचाला उतार द्यावा लागतो. घरी म्हातारं माणूस असेल तर पाव इंचालाही उतारच द्या.

काम सुरू होण्याआधी गवंडी, सुतार आणि टाइलवाला या तिघांना एकाच वेळी त्या दारात बोलवा, रेघ दाखवा आणि रेघेपासून खाली किती हे भिंतीवरच पेन्सिलीनं लिहून ठेवा.